दावीदाला क्षमा झाली, पण पुढचे अध्यायही वाचा : मराठी मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी मंडळ्यांमधले पाळक, पास्टरेट कमिट्यांचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांचे) सभासद आणि संडे स्कूलचे शिक्षक-शिक्षिका यांस,

ख्रिस्तात सलाम.

मंडळीत कुणा मोठ्या माणसाचं काही बाहेर आलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "दावीदालाही देवानं क्षमा केलीच ना?" आणि दुसरं, "परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकू नये." दोन्ही बायबलातल्या दावीद राजाच्या चरित्रातून उचललेली. दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत, पण आपण ती भलत्या जागी वापरतो. तक्रार करणारी गप्प बसते, ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो पुढच्या रविवारी पुन्हा वेदीपाशी उभा राहतो, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून कमिटी सुटकेचा निःश्वास टाकते. दावीदाची गोष्ट सांगू नका असं आमचं म्हणणं मुळीच नाही. ती पुरी सांगा, एवढंच मागणं आहे.

बायबलातल्या २ शमुवेल या पुस्तकाचा ११ वा अध्याय २७ वचनांचा आहे. मोठ्यानं वाचायला पाचएक मिनिटं लागतात. तरी उपदेशात तो वाचला कमी जातो आणि सांगितला जास्त जातो, आणि सांगताना त्यात नसलेलं बरंच काही घुसतं. सगळ्यांत जास्त घुसतं ते हे, की बथशेबा गच्चीवर आंघोळ करत होती. शास्त्रातली गच्ची दावीदाची आहे. संध्याकाळी पलंगावरून उठून तो राजवाड्याच्या गच्चीवर फिरत होता, आणि तिथून त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. ती कुठे होती ते लिहिलेलंच नाही. दावीदनगर, म्हणजे तेव्हाचं यरुशलेम, उतारावर वसलेलं होतं, त्यामुळे उंचावरून खालची अंगणं दिसणं साहजिक होतं. आंघोळीचं कारण चौथ्या वचनात आहे. ती आपल्या अशुद्धतेतून शुद्ध होत होती, म्हणजे लेवीय १५ मधला पाळीनंतरच्या शुद्धीचा नियम पाळत होती. त्याच वचनावरून हेही कळतं की तोवर तिला दिवस गेलेले नव्हते आणि मूल दावीदाचंच. राजानं चौकशी केली तेव्हा उत्तर आलं : एलियामाची मुलगी, उरीया हित्तीची बायको. थांबायला याहून जास्त माहिती लागत नाही. त्यानं माणसं पाठवून तिला आणवलं. नवरा आघाडीवर, दारात राजाची माणसं. अशा वेळी बाईला 'नाही' म्हणायची किती सोय होती, हे महिला मंडळाच्या सभेत एकदा विचारून पाहा. अख्ख्या अध्यायात तिचा एकच निरोप आहे : "मी गरोदर आहे."

तेव्हा या अध्यायावरून मुलींच्या कपड्यांवर आणि बायकांच्या वागण्यावर बोलणं कृपा करून थांबवा. पुढच्या अध्यायात संदेष्टा नाथान येतो, तोही तिच्यावर एका शब्दानं ठपका ठेवत नाही. त्याच्या दाखल्यात, म्हणजे श्रीमंतानं गरिबाची एकुलती कोकरी बळकावल्याच्या गोष्टीत, ती गरिबाची कोकरी आहे, आणि कोकरी उचलून नेली जाते.

आता वचनं मोजा. बथशेबेच्या बाबतीतलं पाप पहिल्या पाच वचनांत आटोपतं. झाकाझाक ६ ते २५, म्हणजे पुरी २० वचनं चालते. उपदेश मात्र पाचावर रेंगाळतात आणि विसांवरून धावत जातात. खरा अभ्यास या विसांत आहे. उरीयाला राब्बाच्या वेढ्यातून बोलावून घेतलं जातं. राब्बा म्हणजे आजचं अम्मान, यरुशलेमेपासून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर, मध्ये यार्देनेचं खोरं. राजा लढाईची खुशाली विचारतो, घरी जाऊन पाय धू म्हणतो, मागोमाग भेट पाठवतो. उरीया राजवाड्याच्या दारातच चाकरांबरोबर झोपतो, कारण कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी) आणि सगळं सैन्य उघड्यावर असताना घरी जाऊन आराम करणं त्याला पटत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला जेवायला बोलावून दारू पाजली जाते. तरी तो घरी जात नाही. मग पत्र लिहिलं जातं, तुंबळ लढाईत त्याला पुढे ठेवून मागे सरा, आणि ते उरीयाच्याच हाती सेनापती यवाबाकडे रवाना होतं. स्वतःच्या मरणाचा हुकूम त्यानं न उघडता नेऊन पोचवला, कारण तो विश्वासू होता. यवाब हुकूम अमलात आणतो तेव्हा तटाजवळ उरीयाबरोबर आणखीही माणसं मरतात. त्यांची नावं कुठे नाहीत. आणि राजाचा निरोप येतो की वाईट वाटून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते, उद्या त्याला.

कमिटीवर बसणाऱ्यांनी यवाबाकडे नीट पाहावं. त्या पत्रानंतर दावीद त्याला कधीच आवरू शकला नाही. बंड केलेल्या मुलाला, अबशालोमाला, सांभाळा असं सगळ्यांदेखत सांगूनही यवाबानं त्याला मारलं. आपल्या जागी नेमलेल्या अमासाला ठार केलं आणि सेनापतीपदही राखलं. मरताना दावीद मुलगा शलमोन याला यवाबाच्या अपराधांची यादी देतो (१ राजे २:५), त्यात त्यानं मारलेला सेनापती अबनेर आहे, अमासा आहे. उरीया नाही. त्याचं नाव घ्यायचं तर पत्र कुणी लिहिलं तेही निघालं असतं. झाकायला ज्याची मदत घेतली त्याच्यावर पुढे कारवाई करता येत नाही. ज्या खजिनदारानं एकदा खोटं व्हाउचर करून दिलं, त्याचा हिशेब मागायला पुढे कुणाची जीभ उचलते?

नाथानाविषयी. तो विरोधी गटातला नव्हता. सातव्या अध्यायात दावीदाचं घराणं टिकेल हे वचन त्याच्याच तोंडून आलं होतं, आणि दावीद-बथशेबा यांच्या एका मुलाचं नावही नाथान आहे (१ इतिहास ३:५). तो दाखला घेऊन गेला यालाही कारण होतं. राजा स्वतःच सर्वोच्च न्यायाधीश. त्याच्यावर दाद मागायला दुसरं न्यायालय नव्हतं. म्हणून नाथानानं त्याच्यासमोर एक फिर्याद ठेवली आणि निकाल त्याच्याच तोंडून घेतला : तो माणूस मरणास पात्र आहे, कोकरीच्या चौपट भरपाई दे. (चौपट हे निर्गम २२:१ प्रमाणेच. पुढे दावीदाचे चार मुलगे गेले, ते बाळ, अम्नोन, अबशालोम, अदोनीया. शास्त्र हा हिशेब स्वतः मांडत नाही, पण वाचणाऱ्यांनी तो फार जुन्या काळापासून मांडला आहे.) मग "तो मनुष्य तूच", आणि लगेच मुद्द्यांवर : देवानं तुला काय काय दिलं, तू काय केलंस, उरीयाचं नाव घेऊन, आणि आता काय होईल. व्यासपीठावरून नाव न घेता टोमणे मारून "मी नाथानासारखा बोललो" म्हणणाऱ्या पाळकांनी एक फरक ध्यानात घ्यावा. नाथान वरच्यासमोर उभा राहून बोलला. पुलपिटवरचा माणूस खालच्यांना बोलतो, आणि त्यांना उत्तर द्यायची मुभा नसते.

१२:१३ मध्ये क्षमा आहे : परमेश्वरानं तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. १२:१४ "तथापि"नं सुरू होतं. आपल्याकडच्या बहुतेक संदेशांची गाडी तेराव्या वचनावर थांबते. हे फक्त आपलंच नाही. अनेक देशांतल्या मंडळ्या वापरतात त्या रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरीत, म्हणजे तीन वर्षांच्या पाठक्रमात, दुसऱ्या (बी) वर्षी हा पाठ तेराव्या वचनाच्या पहिल्या अर्ध्यावर, दावीदाच्या "मी पाप केलं" या शब्दांवर संपतो. पुढच्या रविवारी एकदम १८ वा अध्याय, अबशालोमाचं मरण. मधला १३ वा अध्याय त्या रविवारांत नाहीच. म्हणजे मुलगा का मेला हे न सांगता बापाचं रडणं ऐकवायचं.

तो १३ वा अध्याय तामारेचा आहे, आणि आमच्या मते मंडळीत सर्वांत जास्त वाचला जायला हवा तो हाच. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन आजारपणाचं सोंग करतो. सावत्र बहीण तामार हिला त्याच्या घरी पाठवतो तो खुद्द दावीद. ती विरोध करते, कारणं देते, इस्राएलात असं करत नाहीत म्हणते. तो बळजबरी करतो आणि मग नोकराला सांगून तिला बाहेर घालवून दाराला कडी लावतो. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. हे वाक्य आपल्या घराघरांत आजही जसंच्या तसं बोललं जातं. दावीदाबद्दल लिहिलंय की त्याला फार राग आला. पुढे काही नाही. शिक्षा नाही, विचारणा नाही, मुलीची साधी भेटही नाही. ज्यानं दुसऱ्याची बायको आणवली, त्याला मुलाला जाब विचारायचं तोंड उरलं नव्हतं. दोन वर्षं अबशालोम चकार शब्द काढत नाही आणि मग मेंढरं कातरण्याच्या मेजवानीत अम्नोनाला मारवतो. पुढचं बंड, यरुशलेम सोडून जैतुनाच्या डोंगरावर अनवाणी चढणारा राजा, शिव्या देत शिमीनं त्याला मारलेले दगड, हे सगळं त्या न झालेल्या न्यायातून उगवलं. अबशालोमाचा सल्लागार अहीथोफेल हा बथशेबेचा आजा असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, कारण दोन्हीकडे एलियाम हे नाव येतं (११:३ आणि २३:३४). तसं असेल तर या घरातली जखम त्या घरातही जिवंत होती.

आणि ज्या गच्चीवरून हे सुरू झालं, त्याच राजवाड्याच्या गच्चीवर तंबू ठोकून अबशालोमानं बापाच्या दहा उपपत्नींची अब्रू लुटली. दावीद परतला तेव्हा त्यानं त्यांना अन्न दिलं आणि मरेपर्यंत कोंडून ठेवलं (२०:३). या दहा जणींनी कुठलं पाप केलं होतं? उपदेशकानं इथे घाईघाईनं धडा काढू नये. वचन वाचावं आणि थोडं थांबावं.

आता अभिषिक्ताबद्दल. १ शमुवेल २४ मध्ये तेव्हाचा अभिषिक्त राजा शौल तीन हजार निवडक माणसं घेऊन दावीदाच्या मागावर आहे आणि एन-गेदीच्या नेमक्या त्याच गुहेत शिरतो. दावीद त्याला मारत नाही, पण झग्याचा काठ कापून घेतो. मग बाहेर येऊन, शौलाच्या सैन्यादेखत, तो काठ हातात धरून मोठ्यानं विचारतो : लोकांचं का ऐकतोस, माझा अपराध कोणता, परमेश्वर तुझा-माझा न्याय करो. हात न टाकणं म्हणजे तलवार न चालवणं. प्रश्न विचारणं, पुरावा दाखवणं आणि तेही चारचौघांत, हे दावीदानं त्याच दिवशी केलं. याच अर्थानं वापरलं जाणारं स्तोत्र १०५:१५ तर राजांसाठी लिहिलेलंच नाही. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब या परक्या मुलखात भटकणाऱ्या मूठभर माणसांना हात लावू नका म्हणून देव राजांना दटावतो. ते वचन सत्तेतल्या माणसाच्या ढालीसाठी वापरणं म्हणजे शास्त्र डोक्यावर उभं करणं.

यावर कुणी म्हणेल, पण दावीद गादीवर राहिलाच की. राहिला, कारण राजाला पायउतार करणारी व्यवस्थाच नव्हती. मंडळीच्या वडिलांसाठी आहे. १ तीमथ्य ५:१९ आपल्याला पाठ असतं, की दोनतीन साक्षीदारांवाचून वडिलांवरचा आरोप घेऊ नये. विसावं वचन मात्र कुणी म्हणत नाही : जे पाप करतात त्यांना सर्वांसमोर दोष दाखव, म्हणजे इतरांनाही भय वाटेल. शिवाय साक्षीदार म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलेच असं नव्हे. चिठ्ठ्या, मेसेज, पावत्या, दुसऱ्या कुणाचा तसाच अनुभव, हीही साक्षच.

स्तोत्र ५१ बद्दल एक खुलासा. "तुझ्याविरुद्धच, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं आहे" हे चौथं वचन घेऊन, देवाशी मिटलं म्हणजे सगळं मिटलं असं सांगितलं जातं. या स्तोत्राच्या मथळ्यातच नाथान आणि बथशेबा आहेत, आणि नाथानानं उरीयाचं नाव घेऊन आरोप ठेवला होता. माणसांविरुद्धचा अपराध पुसला गेला असं स्तोत्र कुठेही म्हणत नाही. मत्तय ५:२४ तर अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाकडे जा म्हणतं. याच स्तोत्राचं सोळावं वचन, तुला यज्ञ आवडला असता तर मी केला असता, फार नेमकं आहे. नियमशास्त्रात अशा अपराधाला अर्पणच नव्हतं. खुनाबद्दल खंडणी घ्यायची नाही असं गणना ३५:३१ स्पष्ट सांगतं. बैल कापून हे प्रकरण मिटणारं नव्हतं. आपल्याकडे मंदिराला नवी साउंड सिस्टीम भेट देऊन मिटतं.

बाकी दावीदाची लोकगणना (२ शमुवेल २४) इथे लांबवत नाही. तिच्यातलं १७ वं वचन तेवढं पाहा, जिथे तो म्हणतो, पाप मी केलं, या मेंढरांनी काय केलं?

शेजारच्या राजांचे शिलालेख सापडले आहेत. मवाबाचा राजा मेशा याचा १८६८ मध्ये मिळाला. 'दावीदाचं घराणं' असा उल्लेख असलेला तेल दान इथला १९९३ मध्ये. दोन्ही विजयाच्या बढाया आहेत. इस्राएलानं मात्र आपल्या सर्वांत लाडक्या राजाचा गुन्हा नावागावासकट लिहून ठेवला. बायबलातल्याच 'इतिहास' या पुस्तकात तो गाळला आहे (१ इतिहास २० पाहा), पण २ शमुवेल कुणी जाळलं नाही. त्याच्या शूर वीरांच्या ३७ जणांच्या यादीत शेवटचं नाव उरीया हित्ती हेच आहे, आणि येशूच्या वंशावळीत मत्तय बथशेबेचं नाव न लिहिता 'उरीयाची बायको' असं लिहितो.

आता कामाचं. लेंटमध्ये (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) चार रविवार सलग घ्या : पहिला ११ वा अध्याय, दुसरा १२ वा शेवटपर्यंत, तिसरा १३ वा, चौथा १५ ते १८ मधले निवडक भाग. शास्त्रपाठ पूर्ण वाचा. वाचन आणि संदेश मिळून ४० मिनिटांत बसतं. उपदेश २५ मिनिटांचा ठेवलात तर. १३ व्या अध्यायाच्या आदल्या रविवारी जाहीर करा की पुढच्या पाठात बलात्काराचा प्रसंग आहे. लहान मुलांचा वर्ग त्या वेळी बाजूला घ्या, आणि कुणाला मध्येच उठून जावंसं वाटलं तर टोकू नका. संदेशानंतर बोलायला एक जाणती बाई आणि एक पुरुष उपलब्ध राहतील असं नावानिशी सांगा. ते दोघं कमिटीचे पदाधिकारी नसलेले बरे.

संडे स्कूलमध्ये नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना मेंढपाळ दावीद, त्याचा मित्र योनाथान आणि लंगड्या मफीबोशेथाला आपल्या मेजावर बसवणारा दावीद पुरे. दहा ते बारा वर्षांच्यांना नाथानाचा दाखला द्या आणि साध्या शब्दांत सांगा की राजानं दुसऱ्याची बायको नेली आणि त्याला मारवलं. गल्याथानंतर थेट स्तोत्र २३ वर उडी मारली, की हीच मुलं सोळाव्या वर्षी पूर्ण गोष्ट दुसरीकडे ऐकतात आणि आपल्यावरचा त्यांचा विश्वास उडतो. तेरापासून ११-१२ पूर्ण. तामारेचा पाठ सोळानंतर, शिक्षिका हजर असताना. वर्गात कुणालाही स्वतःचा अनुभव सांगायला लावू नका.

एखाद्या मुलानं किंवा मुलीनं काही सांगितलंच, तर ऐका. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. खोदून विचारू नका, त्याच दिवशी मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. पाळक म्हणून सूट नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि हाताखालच्या माणसाचं प्रकरण संस्थाप्रमुखानं दडपलं तर एक वर्षापर्यंत. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८. आरोपीला बोलावून प्रार्थना करून समेट घडवायचा प्रयत्न ही इथली नेहमीची चूक आहे. त्यानं मूल घाबरतं, जबाब बदलतो आणि पुरावा जातो. मत्तय १८:१५ मधलं "एकटं जाऊन सांग" हे भावाभावांतल्या अपराधासाठी आहे, सोळा वर्षांच्या मुलीला पाळकाच्या खोलीत पाठवण्यासाठी नाही.

मोठ्या स्त्रियांच्या बाबतीत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक लोक कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने, म्हणून "लेंट होऊ द्या, मग बघू" म्हणणं म्हणजे मुदत घालवणं. तक्रार लेखी आली की त्याच दिवशी तारीख घालून पोच द्या. ज्याच्याविरुद्ध आहे तो त्या बैठकीत नसावा, अध्यक्ष असला तरी. चौकशी संपेपर्यंत त्याच्याकडे व्यासपीठ नको, चेकवर सहीचा अधिकार नको, तरुण संघाचं शिबिर नको. पैशाच्या तक्रारीत दानपेटी दोघांनी मोजल्याचा कागद, बँकेची स्लिप आणि ट्रस्टचा ऑडिट रिपोर्ट यांची तारीखवार जुळणी करा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टला हिशेब दरवर्षी धर्मादाय कार्यालयात द्यावाच लागतो, तेव्हा तो मंडळीच्या फळ्यावर लावायला हरकत कसली?

पुढच्या पास्टरेट कमिटीच्या अजेंड्यावर हे तीन विषय घ्यावेत ही विनंती : तक्रार घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावं, आरोप असलेल्यानं बैठकीबाहेर राहण्याचा ठराव, आणि १३ व्या अध्यायाचा रविवार. ठराव झाला की मिनिट्समध्ये सूचक-अनुमोदकांच्या नावांसह लिहा आणि त्या रविवारी उपासनेत वाचून दाखवा.

आपले,
मंडळीत संडे स्कूल, महिला मंडळ आणि कमिटीचं काम करणारे काही सभासद